सातव्या ओळीतला प्रतिध्वनी

दादा तिच्याहून वयाने सहा वर्षं मोठा होता आणि हुद्द्याने चार पायऱ्या खाली. ती दुर्बिणीच्या सगळ्या कामाची प्रमुख, तो दुर्बिणीच्या मैदानावरचा वायरमन. दुर्बीण म्हटलं की लोकांना नळी आणि भिंग आठवतं; इथे तसलं काही नव्हतं. वस्तीपासून लांब, मोबाइलला बंदी असलेल्या एका सपाट माळावर बारा ओळींत दोनशे चाळीस अँटेना उभ्या होत्या. लांबून बघणाऱ्याला वाटे, कुणीतरी कपडे वाळत घालायला दांड्या रोवल्यात आणि कपडे आणायला विसरलंय. हा विनोद दादाचाच. पाहुण्यांना तो हमखास सांगे, आणि ती हमखास दुसरीकडे बघे.

तिला विनोदाची लाज वाटत नसे, धास्ती होती ती लोकांच्या जिभेची. अकरा वर्षांपूर्वी तो इथे लागला तो रीतसर अर्ज करून, परीक्षा देऊन. मुलाखतीच्या दिवशी ती मुद्दाम रजेवर राहिली होती. तरी ‘बहिणीच्या वशिल्याने आलाय’ हे तिच्या कानांवर यायचं ते आलंच. तेव्हापासून तिने एक पथ्य पाळलं. चारचौघांत दादाशी जरा जास्तच कडक वागायचं. दुसऱ्या कुणाला उशीर झाला तर ती नुसती घड्याळाकडे बघे; दादाला झाला तर बोलून दाखवी. दादाला ते कळत होतं. तोही कामावर तिला ‘मॅडम’ म्हणे, ‘तुम्ही’ म्हणे, आणि रविवारी आईच्या घरी भेटली की त्याच तोंडाने विचारी, “काय बारके, परवा फार तापली होतीस?” वहिनी चिडायची. “तुम्हाला काही वाटत कसं नाही हो?” त्यावर दादा म्हणे, “मोठ्या जागेवर बसलीय ती. तिला तसं वागावं लागतं.”

रेडिओचं वेड मुळात त्याचं. शाळेत असताना मोडके रेडिओ गोळा करून तो जोडत बसे आणि तिला शेजारी बसवून बटण फिरवे. दोन स्टेशनांच्या मधे जी खरखर येते, त्यातली थोडी आभाळातून येते, हे तिला पहिल्यांदा त्यानेच सांगितलं. पुढे ती शिकत गेली, पदव्यांवर पदव्या घेतल्या. त्याला लिहायचा मनस्वी कंटाळा. परीक्षेत उत्तरं येत असूनही तो दोन ओळी खरडून उठे. शेवटी तो तारा ओढायला लागला आणि त्यात रमला.

त्या माळावर ते सगळे मिळून जे शोधत होते ते फार जुनं होतं. विश्व कोवळं असताना सगळीकडे हायड्रोजन वायू भरून राहिला होता. मग पहिले तारे पेटले. त्यांच्या प्रखर उजेडाने आजूबाजूचा हायड्रोजन मोडत गेला आणि त्या वायूत भोकं पडत गेली, आधी लहान, मग मोठी, आणि शेवटी सगळी एकमेकांत मिसळली. जो वायू अजून शाबूत होता त्यातून एक अगदी मंद रेडिओलहर निघे, एक वीत लांबीची. विश्व फुगत असल्यामुळे आपल्यापर्यंत येता येता ती ताणली जाऊन माणसाच्या उंचीएवढी होते. ती कुठून येते आणि कुठून येत नाही याचा नकाशा काढता आला, तर पहिल्या ताऱ्यांनी काय केलं ते दिसेल.

अडचण अशी, की मधे आपली स्वतःची आकाशगंगा आहे, आणि तिचा गोंगाट त्या लहरीच्या हजारो पट आहे. त्यावर उपाय एकच. आकाशगंगेचा आवाज एका वारंवारतेवरून दुसरीवर जाताना गुळगुळीत उतरत जातो, हायड्रोजनचा मात्र खालीवर होतो. गुळगुळीत ते सगळं पुसून टाकायचं. उरेल ते हायड्रोजनचं. तिची निम्मी हयात या पुसण्यात गेली होती.

त्या वर्षी पुसून झाल्यावर पहिल्यांदाच काहीतरी उरलं.

आलेखावर एक उंचवटा होता, जिथे असायला हवा तिथेच. तिने सम तारखांची निरीक्षणं वेगळी केली, विषम तारखांची वेगळी केली. दोन्हींत उंचवटा तसाच. समुद्रापलीकडचा एक गटही याच मागावर होता आणि वर्ष संपायच्या आत तो काहीतरी जाहीर करणार अशी कुणकुण होती. संचालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हा जुना खोडसाळ माणूस, शास्त्रज्ञ कमी आणि मुत्सद्दी जास्त. ते म्हणाले, “लग्नाचा मुहूर्त एकवेळ टळला तरी चालेल, हा टळता कामा नये.”

त्याच आठवड्यात दादाने सातव्या ओळीतले कनेक्टर उघडले.

अँटेनाची केबल जिथे दुसऱ्या केबलला जोडली जाते तिथे एक पितळी कनेक्टर असतो, आणि त्यात पाणी शिरू नये म्हणून एक रबरी वॉशर. दोन वर्षांपूर्वी वॉशरचा नवा लॉट आला होता. तो उन्हाने कडक होऊन तडकत होता. आत दंव शिरून तांब्याची तार हिरवी पडली होती. दादाने मीटर लावून पाहिलं. सातव्या ओळीत वीसपैकी चौदा जोड खराब, नवव्या ओळीत अकरा. बाकीच्या ओळींत तुरळक.

तो मीटर आणि तसला एक वॉशर घेऊन सरळ बैठकीच्या खोलीत आला. सोळा माणसं बसली होती, शोधनिबंधाच्या शेवटच्या मसुद्यावर चर्चा चालू होती. दाराशीच थांबून तो म्हणाला, “मॅडम, दोन मिनिटं देता का?”

“दादा, नंतर.”

“नंतर नको, हे आत्ताच ऐकायला पाहिजे.” तो आत आला आणि वॉशर टेबलावर ठेवला. “जोड खराब झाला की लहर पुढे जाताना थोडी मागे फिरते. वरच्या टोकाला आपटून परत खाली येते. म्हणजे एकच आवाज दोनदा येतो, दुसऱ्यांदा जरा उशिरा. खोलीत घुमतं तसं.”

“आम्हाला माहीत आहे, प्रतिध्वनी म्हणतात त्याला. तो आम्ही मोजून वजा करतो.”

“तुम्ही वजा करता तो नव्या केबलींचा, बसवल्या तेव्हा मोजलेला. हा आत्ताचा आहे.” बोलता बोलता त्याला चढत गेलं. मनापासून काही सांगायचं असलं की तो समोरच्याला विसरत असे. “अगं, ऐक ना! दोन आवाज एकमेकांत मिसळले की गुळगुळीत होतं ते खालीवर व्हायला लागतं. तुला जे खालीवर दिसतंय ते आपल्याच आकाशगंगेचं नाही कशावरून? पंधरा दिवस थांब. मी दोन्ही ओळी नव्याने जोडून देतो, मग बघ काय उरतं ते.”

सोळा माणसांसमोर तो तिला ‘अगं’ म्हणाला होता. कोपऱ्यातल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलेलं तिला दिसलं. अकरा वर्षं जपलेलं सगळं एका शब्दात उघडं पडल्यासारखं तिला झालं, आणि तिचा तोल गेला.

“दादा, तू वायरी बघ,” ती म्हणाली. “आकाशाचं आम्ही बघतो.”

खोलीत हशा पिकला. फार मोठा नाही, पण पिकला. दादाने वॉशर उचलून खिशात टाकला. “बरं, मॅडम,” म्हणाला आणि दार हलकेच ओढून घेऊन निघून गेला.

नंतर तिला वाटलं होतं, रविवारी बोलू. पण त्या रविवारी तिला पत्रकारांना भेटायचं होतं. पुढच्या रविवारी दादा आला नाही, त्याच्या गुडघ्याचं निमित्त झालं. महिन्याभराने त्याने राजीनामा दिला, त्यातही कारण गुडघाच लिहिलं. तिने सही केली. सही करताना तिला बरं वाटलं, हे तिने पुढे कितीतरी दिवस स्वतःपासूनही लपवून ठेवलं.

निबंध गाजला. टीव्हीवर ती दिसली तेव्हा आईने शेजारच्या चार घरांतून माणसं गोळा करून आणली. आणि मग आठ महिन्यांनी समुद्रापलीकडच्या गटाने आपली निरीक्षणं जाहीर केली. त्यांच्याकडे तो उंचवटा नव्हता, तिथे काहीच नव्हतं.

कोण चुकलंय याची जगभर चर्चा सुरू झाली. तिच्या गटात एक तरुण संशोधिका होती, सगळे तिला चष्मिस म्हणत. एका दुपारी ती लॅपटॉप पोटाशी धरून आली. तिचा चेहरा पडलेला होता.

“मॅडम, आपण तारखांप्रमाणे वाटून पाहिलं होतं. मी ओळींप्रमाणे वाटून पाहिलं. एकेक ओळ वगळत गेले.”

“मग?”

“सातवी आणि नववी काढली की काहीच उरत नाही.”

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि दोन्ही आलेख शेजारीशेजारी लावून पाहिले. चष्मिस तिथेच उभी राहिली. जावं की थांबावं ते तिला सुचत नव्हतं. बैठकीत हसलेल्यांत तीही होती, हे दोघींनाही आठवत असणार. दोघींनीही तो विषय काढला नाही.

खरी चूक यानंतर झाली. पहिली रागाच्या भरात झाली होती, दुसरी थंड डोक्याने. संचालकांना निबंध मागे घेतल्याचं निवेदन त्याच दिवशी हवं होतं. मसुदा त्यांनीच केला. त्यात एक वाक्य होतं: ‘मैदानावरील देखभाल कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे केबलजोडांतील बिघाड वेळीच लक्षात आला नाही.’ तिने ते वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे असंच राहू द्यायचं?” तिने विचारलं.

“नाव कुठे आहे कुणाचं?” संचालक म्हणाले. “आणि माणूस तर सोडून गेलाय. त्याला काय फरक पडतो? तुमच्या हाताखाली पंचवीस पोरं आहेत, त्यांचं भवितव्य बघा.”

पंचवीस पोरांचं कारण सोयीचं होतं. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते वाक्य वर्तमानपत्रांत आलं. देखभाल कर्मचारी म्हणून तिथे इतकी वर्षं कोण होतं, हे त्या भागातल्या प्रत्येक वायरमनला ठाऊक होतं.

चार दिवसांनी संस्थेने नेमलेल्या चौकशी समितीसाठी कागद लागले म्हणून ती मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत गेली. तिथे देखभालीचं रजिस्टर होतं. दर शनिवारी ते सहीसाठी तिच्या टेबलावर यायचं आणि दर शनिवारी ती सही करायची. ती पानं उलटत गेली. लिहायचा कंटाळा असलेल्या दादाने सगळं लिहून ठेवलं होतं, वाकड्यातिकड्या, दाबून काढलेल्या अक्षरांत. ‘ओळ सात, नवीन वॉशर कडक वाटतात. बदलावेत.’ तीन आठवड्यांनी: ‘ओळ सात, जोड चार व नऊ, दंव. मागणी केली.’ पुन्हा: ‘ओळ सात व नऊ. मागणी पुन्हा केली. या जोडांचं मोजमाप मॅडमनी पाहावं.’ पहिली नोंद बैठकीच्या तब्बल पाच महिने आधीची होती. प्रत्येक नोंदीखाली तिची सही होती, झोकदार, शेवटी एक रेघ मारलेली.

ती तशीच गाडी काढून दादाच्या घरी गेली. तो एका शाळेत इलेक्ट्रिशियन म्हणून लागला होता आणि नुकताच परतला होता. दार वहिनीने उघडलं आणि ती तशीच आत निघून गेली. दादा बाहेर आला.

“बसा,” म्हणाला. “चहा घेणार?”

‘बसा’ ऐकून तिला वाटलं, वहिनीलाही धरून बोलतोय. पण वहिनी आत होती.

“दादा, मी रजिस्टर बघितलं.”

“बरं झालं.”

“मी ते वाक्य बदलून घेते. सगळं छापून आणते, तुझ्या नोंदींसकट.”

“तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.” तो शांत होता. रागावला असता, चार शब्द सुनावले असते तर तिला रडता तरी आलं असतं. तो तिच्याशी एखाद्या ओळखीच्या अधिकाऱ्याशी बोलावं तसा अदबीने बोलत होता. चहा आला, तिने तो घेतला. दाराशी पोचवायला आला तेव्हा तो म्हणाला, “गाडी जपून चालवा, पुढे रस्ता खणलाय.”

तिने दिलेला शब्द पाळला. नवा, लांबलचक निबंध लिहिला. त्यात रजिस्टरमधल्या नोंदी तारखांसह दिल्या, आपल्या सह्यांचा उल्लेख केला, आणि ‘निष्काळजीपणा माझा होता’ असं स्पष्ट लिहिलं. संचालकांनी तिच्याशी महिनाभर अबोला धरला. पण पहिलं निवेदन चार ओळींचं होतं आणि सगळ्यांनी वाचलं होतं. हा निबंध चाळीस पानांचा होता आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वर्तमानपत्राने आतल्या पानावर, हवामानाच्या खाली, बोटभर जागा दिली. तिने ते कात्रण दादाला पाठवलं. उत्तर आलं नाही.

पुढे चार वर्षं गेली. रविवारी आईकडे भेटी होत राहिल्या. आईला यातलं काही माहीत नव्हतं. गुडघा दुखतो म्हणून लेकाने जवळची नोकरी धरली, एवढंच तिला ठाऊक. आईसमोर दादा बहिणीला ‘तू’ म्हणे, बारके म्हणे, चिडवीसुद्धा. आई देवाला हात जोडायला किंवा औषध घ्यायला आत गेली की त्याच वाक्याच्या मध्यावर ‘तुम्ही’ सुरू होई. ती त्या ‘तू’ची वाट बघायला लागली. ते खरं नाही हे ठाऊक असूनही आई खोलीतून उठू नये असं तिला वाटे, आणि आई उठलीच तर काहीबाही निमित्त काढून तीच तिला पुन्हा बसवी.

मग आईला जिने झेपेनात. तिने दादाकडे राहायला जायचं ठरलं आणि दोघं भावंडं घर आवरायला बसली. एका सकाळी आई पलीकडच्या खोलीत साड्या निवडत होती आणि ही दोघं भांडी कागदात गुंडाळत होती. तिने मनाचा हिय्या केला.

“दादा, मी तुझी कधी तोंडाने माफी मागितली नाही. निबंधात लिहिलं, पण ते जगासाठी होतं.”

“कशाला आता ते.”

“मी सगळ्यांसमोर तुला बोलले. आणि नंतर ते वाक्य वाचून, समजून उमजून जाऊ दिलं.”

दादाने हातातलं पातेलं खाली ठेवलं. “बोलण्याचं काही नाही हो. माणूस बोलून जातो. ते वर्तमानपत्रातलंसुद्धा मी गिळलं. लोक वर्षभर चेष्टा करत होते, मग विसरले.” मग म्हणाला, “मला ते मैदान आवडायचं. सकाळी गेलं की एकेका ओळीतून चालत जायचं, कान लावून. वरून काहीतरी येतंय, फार लांबून, आणि ते आपण जोडलेल्या तारेतून जाणार आहे, असं वाटायचं. तुम्हाला ते गणितात दिसत असेल, मला तसं दिसायचं. आता पंखे लावतो, घंटा दुरुस्त करतो. काम वाईट नाही. पण ते नाही.”

“परत ये,” ती म्हणाली. “मी आता प्रमुख नाही, चष्मिस आहे. ती आजच्या आज तुला घेईल. तिनेच मला दोनदा विचारलंय.”

“सत्तावन्न झाली मला. खाली वाकलो की उठताना काहीतरी धरावं लागतं. दोनशे चाळीस वेळा काय धरू?” तो हसला. हसणं खरं होतं, म्हणून तिला ते जास्त लागलं. “चार वर्षांपूर्वी बोलावलं असतंत तर धावत आलो असतो. मी वाट बघत होतो, खोटं कशाला सांगू? तुम्ही कात्रण पाठवलंत.”

तेव्हा हे तिला सुचलंच नव्हतं. निबंध, समिती, सह्या, कबुली, सगळं तिने केलं होतं. ‘परत ये’ एवढं म्हणायचं मात्र राहून गेलं होतं.

“तुम्ही ते खोकं जरा—” दादा म्हणत होता, तेवढ्यात आई हातात साडी घेऊन दारात आली, आणि तो न अडखळता म्हणाला, “—अगं, ते खोकं इकडे सरकव ना. बघत काय बसलीस?”

तिने खोकं सरकवलं.

पुढच्या वर्षी चष्मिसच्या गटाने नकाशा काढला. सगळे जोड नवे, ओळींप्रमाणे, तारखांप्रमाणे, तापमानाप्रमाणे, सतरा तऱ्हांनी वाटून तपासलेला. त्यात फार काही दिसत नव्हतं. करड्या पार्श्वभूमीवर थोडे जास्त करडे डाग, आणि मधे मोकळ्या जागा, जिथे पहिल्या ताऱ्यांनी हायड्रोजन संपवला होता. समुद्रापलीकडच्या गटाला तेच डाग त्याच जागी मिळाले. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, एकदोघं रडलेही. चष्मिसने तिला पुढे ओढलं. ती फोटोत मागच्या रांगेत उभी राहिली.

नकाशाची एक मोठी प्रत तिने जाड पुठ्ठ्याच्या नळीत घालून दादाच्या पत्त्यावर पाठवली. सोबत चिठ्ठी लिहायला बसली होती, तीनदा लिहून फाडली, मग नुसतीच नळी पाठवली. आठवड्याने वहिनीचा फोन आला.

“ते तुमचं आलं बरं का.”

“बघितलं त्याने?”

“बघितलं. टेबलावर पसरून, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवून बघत होते बराच वेळ.”

“काही म्हणाला?”

“नाही,” वहिनी म्हणाली. “मग गुंडाळून ठेवलं आणि कामावर गेले.”

“बरं,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “आई जागी आहे का? असेल तर फोन द्या तिला. रविवारी येते म्हणून सांगते.”